हातीचोक : नाव एक, झाडे चार

श्रोतेहो, आर्टिचोक नावाची एक भाजी आहे. खेड्यापाड्यांतील आपल्यापैकी फार थोड्यांनी ती पाहिली असेल. आणि ज्यांनी पाहिली असेल त्यांनीही ती मुंबई-पुण्याच्या एखाद्या मोठ्या हॉटेलात, नाही तर डब्यात बंद केलेली पाहिली असेल. मग तिच्यावर इतका वेळ खर्च करण्याचे कारण काय? कारण असे की, परमुलखातली पिके आपल्याकडे रुजतात केव्हा आणि दारातून परत फिरतात केव्हा, हा शेतीच्या इतिहासातला एक मोठा प्रश्न आहे. जी पिके रुजली त्यांच्याविषयी आपण पुष्कळ ऐकतो. बटाटा रुजला, मिरची रुजली, भुईमूग रुजला. आर्टिचोक रुजला नाही. तो का रुजला नाही हे पाहिले, तर बाकीची का रुजली हेही आपोआप कळते. उदाहरणाला आपण मुंबईतलीच एक जागा घेऊ, ती म्हणजे शिवडी-वडाळ्याच्या शेजारचे अँटॉप हिल. पण तिथे जाण्यापूर्वी ही भाजी म्हणजे काय ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण पहिला घोटाळा तिच्या नावातच आहे.

आर्टिचोक हे एका झाडाचे नाव नाही. या नावाखाली, किंवा त्याच्या आसपास, चार वनस्पती मोडतात. पहिला खरा आर्टिचोक, म्हणजे गोल बोंडाचा. दुसरा कार्डून, हा पहिल्याचाच सख्खा भाऊ. तिसरा जेरुसलेम आर्टिचोक आणि चौथा चिनी आर्टिचोक. यांतल्या पहिल्या दोघांचे एकमेकांशी नाते आहे. तिसरा त्यांचा लांबचा आप्त, आणि चौथ्याचा तर कुळाशीही संबंध नाही. पहिल्याचे फूल खातात, दुसऱ्याचे देठ खातात, आणि उरलेल्या दोघांचे जमिनीतले कंद खातात. म्हणजे, 'मला आर्टिचोकचे बियाणे द्या,' असे कोणी म्हणाले, तर त्याच्या हाती काय पडेल याचा नेम नाही!

खरा आर्टिचोक हे काटेरी झुडूप आहे. मूळचा तो भूमध्य समुद्राच्या काठचा. गुडघ्याच्या वर वाढतो, पाने करडी-हिरवी आणि खोल कातरलेली. त्याला मुठीएवढी बोंडे येतात. ती उमलण्यापूर्वीच काढावी लागतात. बोंडावर खवल्यांसारखी जाड दले एकावर एक बसलेली असतात. दलांच्या बुडाचा मऊ गर आणि मधला पेला एवढेच खाण्याजोगे. उमलू दिले तर आतून निळ्या-जांभळ्या तंतूंचे सुंदर फूल निघते, पण मग ते खाता येत नाही. ज्यांनी करडईचे बोंड जवळून पाहिले आहे त्यांना हे वर्णन ओळखीचे वाटेल. वाटणारच, करडई आणि आर्टिचोक ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने चुलत भावंडे आहेत. आपल्या माळावर निळसर काटेरी चेंडू घेऊन उभा राहणारा उंटकटारा हाही त्याच भावकीतला.

रोमन लोकांना या काटेरी भाजीचे फार कौतुक होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनी नावाच्या रोमन ग्रंथकाराने, उत्तर आफ्रिकेतील कार्थेज आणि स्पेनमधील कॉर्डोबा येथे या पिकापासून किती मोठे उत्पन्न मिळते हे नमूद केले आहे. आणि जनावरेसुद्धा जे तोंडात घेत नाहीत ते श्रीमंत लोक पैसे मोजून खातात, असा चिमटाही काढला आहे. पुढे अरबांच्या बागांतून हे झाड स्पेन व इटलीत पसरले. नावही अरबांचेच. अरबीत 'अल्-खर्शूफ', त्याचे स्पॅनिशमध्ये 'अल्काचोफा', पोर्तुगीजमध्ये 'अल्काशोफ्रा', इटालियन बोलीत 'आर्तिचोक्को' आणि इंग्रजीत 'आर्टिचोक'. इंग्रजांबरोबर ते हिंदुस्थानात आले, तेव्हा उत्तरेकडच्या माळ्यांनी त्याचे सरळ 'हातीचोक' करून टाकले. झाडाचा हत्तीशी काडीइतका संबंध नाही. पण परका शब्द आपल्या जिभेवर बसवायचा तर त्याला ओळखीचा चेहरा द्यावा लागतो.

आता मौज पाहा. पोर्तुगीज गोव्यात आले, आणि त्यांच्याबरोबर किती तरी शब्द मराठीत व कोंकणीत आले: बटाटा, काजू, अननस, पपई, कोबी. त्यांच्या मायदेशी 'अल्काशोफ्रा' होतीच. कार्डूनच्या वाळलेल्या फुलाने तर तिकडे दूध विरजवून चीज करतात. पण मराठीत 'अल्काशोफ्रा'पासून झालेला शब्द रुळला नाही. वस्तू मुक्कामाला राहिली नाही, म्हणून नावही राहिले नाही.

जेरुसलेम आर्टिचोकची कथा याहून निराळी आहे. हा सूर्यफुलाचा सख्खा भाऊ, आणि मूळचा उत्तर अमेरिकेतला. तिथले आदिवासी त्याचे कंद लावीत आणि खात. १६०५ साली शाँप्लँ नावाचा फ्रेंच प्रवासी त्या किनाऱ्यावर गेला. त्याने ते कंद चाखले आणि चव आर्टिचोकसारखी लागते असे लिहून ठेवले. बस्स, तेवढ्यावरून या बिचाऱ्याला आर्टिचोकचे नाव चिकटले! 'जेरुसलेम' हे विशेषणही असेच. सूर्यफुलाला इटालियन भाषेत 'जिरासोले' म्हणतात, त्याचा इंग्रजांच्या तोंडी 'जेरुसलेम' झाला असावा, असे पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे. फ्रेंचांनी तर आणखी कमाल केली. १६१३ च्या सुमारास ब्राझीलमधील तुपिनांबा जमातीचे काही लोक पॅरिसला आणले गेले होते. त्यांच्याविषयी शहरात बोलबाला होता. त्याच वेळी हा कंद बाजारात आला. झाले, कंदाचे नाव पडले 'तोपिनांबूर'. वस्तुतः त्या लोकांचा आणि या कंदाचा काहीही संबंध नव्हता.

हा कंद फोफावतो मात्र विलक्षण. १६१७ साली इंग्लंडमधील जॉन गुडयर या वनस्पतिज्ञाला दोन लहान कंद मिळाले. एक त्याने मित्राला दिला, एक स्वतः लावला. त्या एकापासून त्याला सुमारे नऊ लिटरचे माप भरेल इतके कंद मिळाले, आणि त्याने ते आपल्या परगण्यात वाटले. पण १६२१ पर्यंत त्याचे मत पार बदलले होते. हे कंद कसेही शिजवले तरी पोटात वारा धरतात, अशी त्याची तक्रार होती. तक्रार खरी आहे आणि तिचे कारण आज आपल्याला ठाऊक आहे. बटाट्यात पिष्ट असते, ते आपण पचवतो. या कंदात इन्युलिन नावाचा पदार्थ असतो. तो आपल्या लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यातले सूक्ष्म जंतू तो आंबवतात आणि वायू होतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने फ्रान्समधला बटाटा उचलला, तेव्हा लोकांना वर्षानुवर्षे तोपिनांबूर खाऊन दिवस काढावे लागले. युद्ध संपल्यावर त्या पिढीतल्या पुष्कळ माणसांनी तो कंद पुन्हा ताटात घेतला नाही. एखादे पीक पोट भरते एवढ्यानेच ते माणसाला आपले वाटत नाही, हे यावरून दिसते.

चौथा, चिनी आर्टिचोक. हा तुळशी-पुदिन्याच्या कुळातला. त्याचे कंद बोटाच्या पेराएवढे, पांढरे, आणि अळीसारखे वळ्यावळ्यांचे. १८८२ साली ते पेकिंगहून फ्रान्समध्ये गेले आणि क्रोन नावाच्या गावी लावले गेले, म्हणून फ्रेंच लोक त्यांना 'क्रोन' म्हणतात. आपल्याकडे हा जवळजवळ कोणाला माहीत नाही. पण त्याच कुळातला 'कूर्का' नावाचा लहान काळसर कंद केरळी मंडळी आवडीने खातात, आणि अँटॉप हिलपासून हाकेच्या अंतरावर माटुंग्याच्या बाजारात तो हंगामात विकायला येतो. तो टिकला याचे कारण उघड आहे: त्याला मागणारी माणसे त्याच्याबरोबर आली.

आता आपण मुंबईत येऊ. १८३० साली पश्चिम हिंदुस्थानच्या कृषि-उद्यान संस्थेची स्थापना झाली. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांचा तिला पाठिंबा होता. या संस्थेची बाग शिवडीला होती. तिची देखरेख काही काळ जॉन ग्रॅहम यांच्याकडे होती. हे गृहस्थ पेशाने टपाल खात्यातले अधिकारी. पण मुंबई परिसरातील वनस्पतींची त्यांनी केलेली सूची १८३९ साली प्रसिद्ध झाली, आणि ती छापून पुरी होण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. तिकडे पुण्याजवळ दापोडीला १८२८ पासून सरकारी बाग होती. डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्या हाती ती पुष्कळ वर्षे होती. देशोदेशींची रोपे आणि बियाणे आणून इथल्या हवेत लावून पाहणे हे या बागांचे एक मुख्य काम. पुढे १८७३ साली गणेशखिंडीत वनस्पती-उद्यान निघाले, आणि तिथले वुड्रो साहेब यांचे बागकामावरील पुस्तक घराघरांतल्या इंग्रज कुटुंबांना वाटाड्या झाले. बंगालकडे फर्मिंजर या पाद्रीसाहेबांचे असेच पुस्तक १८६० नंतरच्या दशकात निघाले होते. त्यात भाज्यांच्या प्रकरणात गोल आर्टिचोक आणि जेरुसलेम आर्टिचोक या दोघांनाही जागा आहे. म्हणजे लागवडीची माहिती नव्हती असे नाही. माहिती छापील होती आणि बंगल्यांत माळीही होते.

शिवडीच्या बागेचे पुढे काय झाले? १८६५ साली ती जागा ख्रिस्ती दफनभूमीसाठी घेण्यात आली. हे काम म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या कारकिर्दीत झाले. मुंबईची मोठी मंडई ज्यांच्या नावाने ओळखली गेली, तेच हे. बागेचा वारसा भायखळ्याच्या राणीच्या बागेकडे गेला. ती १८६२ साली लोकांना खुली झाली होती. दापोडीची बागही १८६५ सालीच बंद झाली. बागा उठतात, नव्या होतात. पण ज्या पिकाने बागेचे कुंपण ओलांडून शेतात पाय टाकला ते बागेवाचून जगले; बटाट्याला शिवडीची बाग उठल्याचे कळलेसुद्धा नाही! आर्टिचोक साहेबाच्या बंगल्यापुरता राहिला, आणि साहेबाबरोबर गेला.

तो कुंपण का ओलांडू शकला नाही, याची पहिली परीक्षा हवेची. अँटॉप हिलचेच पाहा. टेकडीच्या पूर्वेला वडाळ्याची मिठागरे आणि त्यापलीकडे खाडीचा चिखल. जमिनीत खार. कोणालाही वाटेल की इथे अडचण खाराची असणार. पण गोल आर्टिचोक समुद्रकाठचा आहे. थोडाफार खार तो बहुतेक भाज्यांपेक्षा बरा सोसतो. त्याला सोसत नाही ते आपले ऋतुचक्र. भूमध्य समुद्राच्या काठी पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा असतो. आर्टिचोक उन्हाळ्यात झोपतो, आणि पावसाबरोबर जागा होऊन हिवाळ्यात वाढतो. आपल्याकडे नेमके उलटे! मुंबईला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. झाडाने विश्रांती घ्यायची त्या वेळी त्याची मुळे पाण्यात कुजतात. शिवाय बोंड धरायला त्याला पुष्कळ तासांची थंडी लागते, सुमारे दहा अंशांच्या खालची. मुंबईत जानेवारीतसुद्धा किमान तापमानाची सरासरी सोळा अंशांच्या वर असते. झाड पानांनी भरते, पण बोंड येत नाही. देशावर, डोंगराळ भागात थंडी जास्त, तिथे जमण्याची शक्यता अधिक. आणि आता थोड्या थंडीवर बोंडे देणारे वाणही निघाले आहेत. पण शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याकडे ते नव्हते.

दुसरी परीक्षा ताटाची. आपल्याला फुले खाण्याचे वावडे नाही. हादग्याची फुले खातो, शेवग्याची खातो. केळफुलाची तऱ्हा तर थेट आर्टिचोकसारखी: वरची जाड दले काढा, आतला कोवळा भाग शोधा, चिरला की काळा पडतो म्हणून ताकाच्या पाण्यात टाका. तिकडे आर्टिचोक चिरून लिंबाच्या पाण्यात टाकतात, कारण तेच. पण केळफूल हे केळीबरोबर आलेले असते; घड निघतोच, पान मिळते, आणि फूल त्यावर वरकड. आर्टिचोकमध्ये सहा महिन्यांची राखण करून मूठभर गर हाती येतो. ज्या घरात एका खताच्या गाडीचा हिशेब मांडावा लागतो तिथे हा व्यवहार बसणार कसा?

तिसरी परीक्षा बाजाराची. ज्या पिकाचे गिऱ्हाईक थोडे, ते दोन-चार दलालांच्या मुठीत जाते. अमेरिकेत हे घडलेले आहे. कॅलिफोर्नियात पिकणारे आर्टिचोक न्यूयॉर्कमध्ये इटालियन वस्तीत खपत. तिथे एका गुंड टोळीने धाकदपटशाने सगळा माल आपल्या हाती घेतला आणि भाव चढवला. शेवटी डिसेंबर १९३५ मध्ये महापौर ला ग्वार्डिया यांनी आर्टिचोकच्या विक्रीवरच बंदी घातली. बंदी काही दिवसांतच उठली, कारण त्यांना स्वतःलाही ती भाजी आवडत असे म्हणतात. पण टोळीची पकड सैल झाली. आपल्याकडे कोणी नव्या पिकाचे गोडवे गाऊ लागला, की घेणारे किती आणि कोण, हा प्रश्न शेतकऱ्याने आधी विचारावा तो यासाठी.

तेव्हा, आमचा शेतकरी जुनाट, नवे काही घेत नाही, असे जे बोलले जाते त्यात तथ्य नाही. अमेरिकेतली मिरची त्याने घेतली, आणि आपल्या मिरीवरून तिचे नाव ठेवले. ज्या पिकाने हवा, ताट आणि बाजार या तिन्ही ठिकाणी निभाव लावला ते त्याने ठेवले. ज्याने लावला नाही ते सोडले. हा अडाणीपणा नव्हे. हा हिशेब आहे.

आता कोणी विचारील, अँटॉप हिलला तळमजल्याच्या घरापुढे किंवा गच्चीवर हौसेने यांतले काही लावायचेच असेल तर? जरूर लावावे. जमीन भरावाची असेल तर तिच्यात काय काय गाडलेले असेल सांगता येत नाही. म्हणून खाण्याची वस्तू सरळ जमिनीत न लावता बुडाला भोके पाडलेल्या अर्ध्या पिंपात माती, वाळू आणि कुजलेले शेणखत घालून लावावी. चौघांत सोपा जेरुसलेम आर्टिचोक. पावसाच्या तोंडावर कंद चार-पाच बोटे खोल लावावा. पाणी तुंबू देऊ नये, तुंबले की कंद कुजतो. झाड पुरुषभर उंचीच्याही वर जाते, वाऱ्याने कोलमडते, म्हणून काठीचा आधार द्यावा. दिवाळीनंतर पाने वाळू लागली की लागेल तेवढेच खणावे. साल पातळ असल्यामुळे बाहेर काढलेला कंद लवकर सुरकुततो, मातीत मात्र चांगला राहतो. पहिल्या दिवशी दोन-तीन कंदच खावेत. कारण गुडयर साहेबांनी सांगितले आहेच! कार्डून आणि गोल आर्टिचोक यांचे बी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात, पेरावे. कार्डूनचे देठ कोवळे हवेत, तर ते कागदाने गुंडाळून उजेडापासून दोन-तीन आठवडे झाकून ठेवतात. गोल आर्टिचोकने मुंबईत नुसती पानेच दाखवली, तर माळ्याला दोष देऊ नये.

परंतु श्रोतेहो, या हौसेपेक्षा मोठी गोष्ट मला शेवटी सांगायची आहे. परका आर्टिचोक गेला याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण त्याचा आपल्या घरचा भाऊ, करडई, त्याच वाटेने निघाला आहे. सोलापूर आणि मराठवाड्याच्या काळ्या रानात रब्बीत करडई असे. ज्वारीच्या कडेने तिचे काटेरी ओळकुंपण असे, म्हणजे गुरे आत शिरत नसत. कोवळ्या पानांची भाजी होई, बियांचे तेल निघे, आणि कमी पाण्यावर ती तगून राही. गेल्या काही दशकांत महाराष्ट्रातले तिचे क्षेत्र फार घटले. काट्यांमुळे काढणीला मजूर मिळेना, हरभऱ्याने रान घेतले, बाहेरून येणाऱ्या स्वस्त पामतेलाने भाव पाडला. यांतले काट्यांचे दुखणे दूर करण्यासाठी फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेने बिनकाट्याचे वाण काढले आहेत. यंत्राने काढणीही होते. हवा आपली आहे, वाणाची सोय झालेली आहे. कमी पडते आहे ती ताटातली मागणी. संशोधकाने बी दिले आणि घरात तेलाची बरणी बदलली नाही, तर ते बी शिवडीच्या बागेतल्या रोपासारखेच कुंपणाच्या आत राहील.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती आहे. ऑक्टोबरात शाळेच्या बागेत करडईची एक ओळ आणि सूर्यफुलाची एक ओळ लावा. बोंडे आली की मुलांकडून ती उभी चिरून घ्या; एकच कूळ किती रूपे घेते हे त्यांना पुस्तकाशिवाय समजेल. आणि त्याच महिन्यात मुलांना गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे पाठवा. तुमच्या लहानपणी रानात काय होते, आता काय नाही, आणि ते का गेले, एवढे तीन प्रश्न विचारून उत्तरे वहीत उतरवून घ्या. ग्रॅहम साहेबांनी मुंबईची सूची केली म्हणून दोनशे वर्षांपूर्वीची तिथली झाडे आज आपल्याला ठाऊक आहेत. आपल्या गावाची सूची करायला दुसरे कोणी येणार नाही, आणि सांगणारी माणसे दर वर्षी थोडी थोडी कमी होत आहेत.